वीस बाटल्या आणि जावयाची भाजी

"नोव्हेंबरात लावणी, फेब्रुवारीत आकडे, मेमध्ये प्रबंध आणि त्यानंतर नावाआधी डॉक्टर!"

१९९५ च्या दिवाळीत राजरत्न बनसोडे हे वाक्य भेटेल त्याला ऐकवत होता. दूधवाल्याला ऐकवून झालं, घरमालकाला ऐकवून झालं. बायको आम्रपालीला तर त्यानं ते इतक्यांदा ऐकवलं होतं की फराळाचं ताट पुढं ठेवताना तीच म्हणायची, "घ्या, डॉक्टर, चकली घ्या."

राजरत्न सांगलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. पीएच.डी.ची नोंदणी करून पाच वर्षं झाली होती. मुदत दोनदा वाढवून मिळाली होती, आणि तिसऱ्या अर्जाला विद्यापीठानं एका ओळीचं उत्तर धाडलं होतं. एकतीस मेपर्यंत प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द! म्हणजे पाच वर्षांची मेहनत गेली वाहून, आणि वर स्टाफरूममध्ये आयुष्यभर चहाबरोबर चेष्टा.

त्याचा विषय होता वॉटरक्रेस. ही मोहरीच्या भावकीतली, थंड वाहत्या पाण्यात वाढणारी, चवीला झणझणीत पालेभाजी. पान चावलं की त्यातली दोन वेगवेगळी ठेवलेली द्रव्यं एकत्र येतात आणि एक तिखट संयुग तयार होतं. ते कर्करोगाला अटकाव करतं का, यावर परदेशात तेव्हा जोरात संशोधन चालू होतं. राजरत्नचा प्रश्न त्या मानानं साधा होता. आपल्याकडची माणसं हा पाला रोज खाऊ लागली तर ते संयुग शरीरात किती मुरतं? आणि हे मोजायचं कसं, तर लघवीतून! दुसऱ्या दिवसापर्यंत त्याचे अवशेष लघवीत उतरतात आणि कॉलेजच्या यंत्रावर त्याचा आकडा निघतो.

पाला मिळाला कोयनानगरला. तिथं वसाहतीमागच्या ओढ्यात तो आपोआप माजला होता. राजरत्ननं ओल्या पोत्यात बांधून रोपं आणली आणि लावली थेट सासुरवाडीला! रहिमतपूरच्या बाहेर वस्तीवर सासरे राजाराम यांची विहीर होती. मोटरचं पाणी जिथं पडतं त्या थारोळ्यात आणि पुढच्या पाटात रोपं अशी फोफावली की महिनाभरात पाणी दिसेना.

"सासुरवाडीला प्रयोग कशापायी?" आम्रपालीनं विचारलं होतं.

"कारण तिथं माझा शब्द चालतो!"

यावर ती फक्त हसली होती. तेव्हाच त्यानं विचार करायला हवा होता.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी राजरत्ननं वस्तीवरची वीस माणसं अंगणात गोळा केली. सासरची माणसं त्यानं मुद्दाम वगळली. शास्त्रात वशिला नको! वीस जणांच्या नावांच्या चिठ्ठ्या तांब्यात टाकल्या, हलवल्या आणि दहा बाहेर काढल्या.

"ज्यांची नावं निघाली त्यांनी रोज सकाळी ऐंशी ग्रॅम पाला खायचा. कच्चा! शिजवला की त्यातला गुण जातो."

"कच्चा पाला खायला आमी काय शेरडं हाय व्हय, पावणं?" गुंडानं विचारलं. गुंडा म्हणजे शेजारच्या घरातला धिप्पाड गडी. त्याचं नाव पहिल्याच चिठ्ठीत निघालं होतं.

"कच्ची मेथी भाकरीबरोबर खाता ना? तसंच!"

"आन ज्येंची नावं न्हाई निघाली त्येंनी काय खायचं?" हा आवाज शालूबाईचा. शालूबाई म्हणजे गुंडाची बायको.

"त्यांनी काहीच नाही! दोन्ही गटांची तुलना करायची आहे."

शालूबाईच्या कपाळावर आठी पडली. "म्हंजी नवऱ्याला भाजी आन बायकूला नुसतं बघायला? पावणं, तुमच्या लग्नात मी तीन दिस भाकऱ्या थापल्यात!"

"मावशी, याचा लग्नाशी संबंध नाही. हे शास्त्र आहे."

"असंल बाबा," शालूबाई म्हणाली आणि पदर खोचून निघून गेली. तिच्या मागं आणखी चार जण उठले. त्यांच्या चालण्यावरून त्यांना शास्त्र पटलेलं दिसत नव्हतं, पण राजरत्न तेव्हा वहीत रेघा मारत होता.

रोजचं वाटप त्यानं सोपवलं सासूबाईंवर, बाळाबाईंवर. वस्तीवर त्यांचा दरारा होता आणि त्यांचा हात वाटपाला बसलेला होता. कुणाच्याही घरचं कार्य असो, वाढायला बाळाबाई असल्या की शेवटच्या पंगतीलाही पहिलीइतकंच मिळायचं. राजरत्ननं त्यांना छोटा तराजू दिला, ऐंशी ग्रॅमचं माप करून दिलं आणि दहा नावांची वही दिली.

"मामी, या दहा जणांना दिलं की नावापुढं फुली मारायची. बास."

"फुली व्हय. मारती की."

"आवं, आईला जरा कारण समजावून सांगा," आम्रपाली म्हणाली. "बाकीच्यांस्नी का द्यायचं न्हाई ते."

"सूचना स्पष्ट असली की कारण लागत नाही!" राजरत्न म्हणाला, आणि संध्याकाळच्या गाडीनं दोघं सांगलीला परतले.

त्यानंतर दर शनिवारी तो वस्तीवर यायचा आणि रविवारी पहाटे अंगणात बाटल्यांची रांग लागायची. वीस बाटल्या, वीस चिकटपट्ट्या, वीस नावं. त्या बर्फाच्या पेटीत घालून तो पॅसेंजरनं सांगली गाठायचा. पेटीतून गार वाफ निघायची. एकदा शेजारच्या बाकावरच्या म्हातारबानं दहाची नोट पुढं केली.

"दोन कुल्फ्या द्या."

"कुल्फी नाही, आजोबा."

"मंग काय हाय?"

राजरत्ननं खरं काय ते सांगितलं. त्यानंतर किर्लोस्करवाडीपर्यंत त्या बाकावर कुणी बसलं नाही.

पहिल्या आठवड्याचे आकडे आले आणि राजरत्नच्या कपाळाला घाम फुटला. पाला खाणाऱ्या दहा जणांच्या लघवीत संयुग होतं. छान! पण न खाणाऱ्या दहा जणांच्या लघवीतही होतं! आणि तेही अगदी तेवढंच! शालूबाईचा आकडा आणि गुंडाचा आकडा शेजारी ठेवले तर कुणाचा कुठला ते ओळखू येऊ नये.

बाटल्या नीट धुतल्या नसतील, असं त्याला वाटलं. त्यानं नव्या बाटल्या आणल्या. आकडे तेच! यंत्र बिघडलं असेल म्हणून त्यानं त्यात नुसतं पाणी घालून पाहिलं. आकडा शून्य. यंत्र ठणठणीत होतं.

मग रात्री जेवताना आमटीच्या वाटीकडं बघून तो ओरडला, "मोहरी!"

आम्रपालीच्या हातातला डाव पडला. "काय झालं?"

"मोहरी, मुळा, कोबी! सगळी एकाच कुळातली. यांतूनही तसलीच संयुगं येतात! वस्तीवर फोडणीत मोहरी पडते आणि माझे आकडे बिघडतात!"

पुढच्या रविवारी त्यानं फर्मान काढलं. तीन आठवडे मोहरी बंद, मुळा बंद, कोबी बंद! वस्तीवर हाहाकार उडाला. बिनमोहरीची आमटी म्हणजे बिनमिशीचा पैलवान, असं गुंडानं जाहीर केलं. राजाराम जेवताना ताटाकडं असे बघायचे की जावयाला घास उतरेना. "पोरगी दिली, थारोळं दिलं," एवढंच ते एकदा गुराला उद्देशून म्हणाले, "आता फोडणी बी घेतली."

तरीही माणसं भली. वस्तीनं तीन आठवडे मोहरीबंदी पाळली. आणि आकडे? जसेच्या तसे!

"मामी, वही बघू," राजरत्न म्हणाला. वही स्वच्छ होती. दहा नावं, रोजच्या दहा फुल्या, एकही चुकलेली नाही. "पाला या दहा जणांना रोज मिळतोय ना?"

"रोज! एक दिस खाडा न्हाई."

"चोरून कुणी खात नाही ना?"

बाळाबाई चांगल्याच दुखावल्या. "आमच्या वस्तीत चोर न्हाईत, पावणं."

राजरत्न ते आकडे घेऊन गाईड डॉ. आवटींकडं गेला. डॉ. आवटी निवृत्तीला आले होते आणि जाता जाता नावावर एखादा शोध असावा, एवढीच त्यांची इच्छा राहिली होती. त्यांनी आकडे पाहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बनसोडे! खाल्लेल्यांत आहे, न खाल्लेल्यांतही आहे. याचा अर्थ कळतोय?"

"नाही, सर."

"शरीर हे स्वतः तयार करतंय! मोहरीशिवाय! पाल्याशिवाय! रहिमतपूरच्या माणसाचं शरीर!"

राजरत्न खुर्चीतून अर्धा उठला. हे त्याला आधी का सुचलं नाही? पाला खाणाऱ्यांचा आकडा अपेक्षेच्या निम्माच का येतो, हा प्रश्न त्याच्या मनात होता, पण एवढ्या मोठ्या शोधापुढं अर्ध्या आकड्याचं काय घेऊन बसायचं! पाला कोवळा असेल.

फेब्रुवारीच्या अखेरीस कॉलेजात चर्चासत्र ठरलं. पुण्याहून एक नामांकित तज्ज्ञ येणार होते, आणि तेच पुढं प्रबंधाचे परीक्षकही असणार होते. डॉ. आवटींनी पत्रिका छापल्या. शोधनिबंधाचं नाव वाचायला एक श्वास पुरत नव्हता. शेवटी "सहकार्याबद्दल सत्कार: श्रीमती बाळाबाई" असंही छापलं होतं, आणि ती कल्पना राजरत्नची होती.

बाळाबाई आणि राजाराम सकाळच्या गाडीनं आले. बाळाबाईंनी ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं होतं. हॉल भरला होता. राजरत्न बोलला, आणि काय बोलला! पडद्यावर आलेख दाखवले, दोन गटांच्या रेषा एकमेकींवर बसलेल्या दाखवल्या, "स्वयंनिर्मिती" हा शब्द अकरा वेळा उच्चारला. टाळ्या पडल्या. डॉ. आवटींच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

पुण्याचे तज्ज्ञ मात्र आकड्यांच्या कागदावरून मान वर करत नव्हते. "वीस माणसं," ते म्हणाले, "वेगळी वयं, वेगळी अंगकाठी, आणि आकडे इतके सारखे? मी तीस वर्षांत असं पाहिलेलं नाही. वाटप कोण करायचं?"

"या माझ्या सासूबाई, सर!" राजरत्ननं अभिमानानं हात केला. बाळाबाईंच्या खांद्यावर नुकतीच शाल पडली होती आणि हातात नारळ होता.

"आजी, रोज काय करायचात ते जरा सांगता का?"

बाळाबाई माईकसमोर आल्या. "जय भीम. पावण्यांनी सांगितल्यागत रोज पाला तोडायची. धा मापं मोजायची. मंग परत्येक मापाचं दोन भाग करायची. सारखं! एक पान इकडं न्हाई की तिकडं न्हाई. आन ईस जणांस्नी वाटायची."

पुण्याच्या तज्ज्ञांनी पहिल्यांदाच कागदावरून मान वर केली.

"वीस?" राजरत्नच्या तोंडून कसाबसा शब्द फुटला. "मामी, दहा! वहीत दहा फुल्या आहेत!"

"धाच हायत. तुमी म्हनलासा, ह्या धा जणांस्नी दिलं की फुली मारा. दिलं, मारली. बाकीच्या धांस्नी दिलं की काय मारायचं, ते तुमी सांगितलंच न्हाई."

"पण त्यांना द्यायचंच नव्हतं!"

"आवं, आसं कसं?" बाळाबाईंना खरंच आश्चर्य वाटलं. "जावयानं आणलेली वस्तू घरटी वाटायची आमची रीत हाय. आन गुंडानं खायचं, शालूबाईनं बघायचं, आसं ताट मी वाढू व्हय? वस्तीवर तर पोरंसोरं त्याला जावयाची भाजी म्हनत्यात!"

कुणीतरी मागं खुदकन हसलं. बाळाबाईंनी त्या दिशेला पाहिलं आणि हसणारा गप्प झाला.

"हसू नगा. माझ्या सासूला लग्नाच्या मांडवाबाहेर बसवायची मान्सं. लांबनं वाढायची. ती सांगायची, भूक मोडती, पर त्यो घास आत टोचत ऱ्हातो. छप्पन सालानंतर आमच्या सासऱ्यानं घरात सांगितलं, ह्या दारात वाढताना कुनाला वगळायचं न्हाई. मला शास्तर कळत न्हाई, सायेब. पर वाढायचं कळतं."

त्या नारळ घेऊन जागेवर जाऊन बसल्या. राजरत्न व्यासपीठावर तसाच उभा होता. पाच वर्षं डोळ्यांसमोरून चालली होती, धरणी दुभंगली असती तर त्यानं आधी आलेख आत टाकले असते आणि मग उडी मारली असती. पण खरं सांगायचं तर त्याला सासूचा राग येत नव्हता. राग येत होता तो, अंगणात रेघा मारत बसलेल्या एका शहाण्याचा.

टाळी पहिल्यांदा वाजवली ती पुण्याच्या तज्ज्ञांनी. "बनसोडे, तुमचा शोध गेला," ते म्हणाले. "पण एवढं अचूक वाटप मी आमच्या प्रयोगशाळेतही पाहिलेलं नाही! प्रयोग परत करा. न खाणारी माणसं खरोखर न खाणारी हवीत. वेळ आहे का?"

वेळ कुठला! मार्च सरता सरता पाणी तापणार आणि पाला करपणार. हातात होते जेमतेम तीन आठवडे. राजरत्ननं बिनपगारी रजा टाकली आणि आम्रपालीला घेऊन वस्ती गाठली. पण न खाणारी माणसं आणायची कुठून? शालूबाईला नाही म्हणायची त्याची आता छाती नव्हती. परक्या गावात जावं तर थारोळं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो डोकं धरून ओसरीवर बसून राहिला.

आम्रपालीनं आईला शेजारी बसवलं आणि जे डिसेंबरात सांगायला हवं होतं ते सांगितलं. काही माणसांनी न खाल्लं तरच खाणाऱ्यांचा गुण कळतो, आणि तो कळला नाही तर ह्यांची पाच वर्षं फुकट जातात. बाळाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"एवढंच? मंग आधी बोलायचं की! भाजी कमी पडली की उपाशी कुनी ऱ्हायाचं?"

"कुणी?" राजरत्ननं विचारलं.

"घरच्यांनी! वस्तीला पुरं वाढायचं, घरच्यांनी चटणीभाकर खायाची. ह्यात पंगतभेद कसला? मी, हे, पोरगा, सून अक्षता, दोन्ही दीर, दोन्ही जावा. झाली आठ. आमी पानाला बोट लावनार न्हाई, लिहून घ्या. आन आम्रपाली नऊ." मग त्यांनी जावयाकडं पाहिलं. "आन दहावं तुमी."

"मी?"

"घरचंच न्हवं तुमी?"

राजरत्ननं वही उघडली आणि दहावं नाव स्वतःचं लिहिलं. वशिला नको म्हणून ज्यांना वगळलं होतं, तेच सगळे गटात आले. वीस जणांना पाला, दहा जणांना उपास. डॉ. आवटींनी फोनवर मोठा सुस्कारा सोडला आणि "होऊ द्या" म्हणाले.

पहिल्या रविवारी पहाटे रांगेत राजरत्न उभा राहिला, बाटली पाठीमागं लपवून. पुढं सासरे, मागं चुलत सासूबाई! आणि ओसरीवर वही घेऊन बसलेल्या बाळाबाईंचा आवाज पार विहिरीपर्यंत ऐकू गेला, "पावणं, लाजू नगा! घरचीच मान्सं हायती!"

तीन आठवडे झाले. राजरत्ननं सांगलीला यंत्रापुढं बसून आकडे काढले. पाला खाणारे वीस जण भरघोस. न खाणारे: बाळाबाई शून्य, राजाराम शून्य, अक्षता शून्य, आम्रपाली शून्य. एकामागून एक नऊ शून्यं! राजरत्न उठून नाचलाच. मग त्यानं दहावी बाटली तपासली, आणि मटकन खाली बसला.

दहाव्या बाटलीत संयुग होतं. चांगलं भरघोस!

त्यानं वस्तीच्या शेजारच्या दुकानात फोन लावला आणि बाळाबाईंना बोलावणं धाडलं. "मामी, दहावी बाटली! काहीतरी गडबड झाली!"

"गडबड कसली. शेवटच्या शनिवारी थारोळ्यावर बसून ठेचाभाकरी खात हुतासा. दुसरा हात पाण्यात. एक घास भाकरीचा, एक मूठ पाल्याची. मांडीवरची वही वाचायच्या नादात मोप खाल्लासा."

"मग मला अडवलं का नाही?"

"आवं, जावयाच्या तोंडातला घास कसा काढू?"

प्रबंध एकतीस मेला, कार्यालय बंद व्हायला वीस मिनिटं असताना, विद्यापीठाच्या खिडकीत पडला. पावसाळ्यात तोंडी परीक्षा झाली. पुण्याचे तज्ज्ञ खूश होते. वीस जणांचे आकडे, नऊ जणांची शून्यं, सगळं लखलखीत. मागच्या बाकावर बाळाबाई आणि आम्रपाली बसल्या होत्या. तज्ज्ञांनी पानं उलटता उलटता एकच प्रश्न विचारला.

"न खाणाऱ्या गटात दहा माणसं नोंदवली होती. आकडे नऊ जणांचेच आहेत. दहाव्याला का वगळलं?"

राजरत्ननं टायची गाठ सैल केली. मागून आम्रपालीचं खोकणं ऐकू आलं.

"सर," तो म्हणाला, "तो माणूस भरवशाचा नव्हता."